जोंगाचे मूळ सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन: ठेवावे, की काढून डिझेल बसवावे?

प्रश्न: दिवेघाट_चढण (कोथरूड, पुणे)

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे गेल्या वर्षी एक जोंगा (लष्करासाठी बनलेली जीपसारखी गाडी) आली. सासवडच्या एका शेतकरी कुटुंबाने ती पूर्वी लष्कराच्या लिलावात घेतली होती, आणि त्यांच्याकडून रीतसर कागदपत्रांसह ती माझ्या नावावर झाली. या गाडीतले निसानचे मूळ सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन अजून जागेवर आहे, म्हणूनच मी ती घेतली. पुण्याच्या आसपास मी ज्या जोंगा पाहिल्या, त्यांपैकी बहुतेकींची मूळ इंजिने केव्हाच भंगारात गेली असून त्यांच्या जागी कुठल्या ना कुठल्या मालवाहू गाडीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवलेले आहे.

अडचण अशी आहे. रिकाम्या चालीवर इंजिन किंचित अडखळते, सपाटीवर मात्र गाडी चांगली चालते. दिवे घाट चढायला लागलो की निम्म्या वाटेत मिसिंग (एखादा सिलिंडर मध्येच न पेटणे) सुरू होते, कार्ब्युरेटरमधून अधूनमधून फटका येतो आणि पाण्याचा काटा वर सरकू लागतो. वर विसाव्याला थांबलो, तर गाडी पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ घेते. सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरचे टोपण उघडे ठेवले असता वरच्या टाकीत बारीक बुडबुडे येताना दिसतात. ऑइलमध्ये पाणी उतरलेले नाही, डिपस्टिक स्वच्छ आहे.

गाडी दोन मिस्त्रींना दाखवली. पहिल्यांचे म्हणणे असे की, या इंजिनाचे सामान मिळत नाही, ते उघडले तर पुन्हा बसेलच याची खात्री नाही, तेव्हा वेळ आणि पैसा न घालवता डिझेल टाकून मोकळे व्हावे. दुसऱ्यांनी इग्निशनचे पॉइंट (ठिणगी वेळेवर पाडणारा स्विच) बदलले, कार्ब्युरेटर धुतला आणि चार दिवस बरे गेले; त्यानंतर पुन्हा तेच.

गाडी रोजच्या वापराची नाही. ताम्हिणी, वरंध, भोर, फार तर पाचनईपर्यंत हरिश्चंद्रगडाचा पायथा, इतकाच तिचा प्रवास असणार आहे. हे इंजिन ठेवण्यात तांत्रिकदृष्ट्या काही अर्थ आहे, की तो केवळ माझा लोभ आहे, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. ठेवायचे झाले तर सुरुवात कुठून करावी? आणि आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर ते चालू शकेल का?

उत्तर: निवृत्त_अभियंता (चिंचवड)

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नातील लक्षणे मी दोनदा वाचली. त्यांवरून इंजिन संपले आहे असा निष्कर्ष कोणीही काढू नये. इंजिन बदलावे की नाही हा निर्णय मोजमाप हातात आल्यानंतरचा आहे, आणि आपल्या दोन्ही मिस्त्रींपैकी कोणीही अजून काही मोजलेले दिसत नाही. तथापि आपण इंजिनाच्या योग्यतेबद्दल विचारले आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

हे निसानचे ‘पी’ इंजिन. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ११४.३ मिमी, क्षमता ३९५६ सीसी. त्याचा वंश फार जुना आहे. निसानने १९३६ च्या सुमारास ग्रॅहम-पेज या अमेरिकी मोटार कंपनीकडून इंजिनाचा आराखडा आणि यंत्रसामग्री विकत घेतली, आणि त्यातून १९३७ पासूनच्या निसान ट्रकचे ३६७० सीसीचे, बाजूला व्हॉल्व असलेले सहा सिलिंडरचे इंजिन उभे राहिले. त्याचाही स्ट्रोक ११४.३ मिमी, म्हणजे बरोबर साडेचार इंच होता. पुढे बोअर वाढले, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस व्हॉल्व ब्लॉकमधून (सिलिंडर असलेला मुख्य भाग) हेडमध्ये (त्यावरचे झाकण) गेले, १९६० मध्ये निसानची ‘६०’ मालिकेची ‘पॅट्रोल’ नावाची गाडी आली, आणि तिच्याच परवान्यावर जबलपूरच्या वाहन निर्माणीने १९६९ पासून १९९९ पर्यंत आपल्या लष्करासाठी जोंगा बनवली. तरीही तो साडेचार इंचांचा स्ट्रोक कायम राहिला. आपल्या गाडीच्या स्वभावाचे मूळ या एका आकड्यात आहे.

हे ध्यानात यावे म्हणून दुसऱ्या एका नामांकित इंजिनाशी तुलना करतो. अमेरिकी जीपच्या चेरोकी आणि रँग्लर या गाड्यांत २००६ पर्यंत जे सहा सिलिंडरचे ‘४.०’ इंजिन येत असे, त्याची क्षमता आपल्या इंजिनाच्या इतकी जवळ आहे की कागदावर दोन्ही एकच वाटावीत. मात्र त्याचे बोअर ९८.४ मिमी आणि स्ट्रोक ८६.७ मिमी आहे. तेवढेच आकारमान एकाने रुंदीत मांडले, दुसऱ्याने उंचीत. रुंद बोअरच्या हेडमध्ये मोठे व्हॉल्व बसतात आणि आखूड स्ट्रोकमुळे इंजिन वरच्या फेऱ्यांना निर्धास्त पळते. म्हणून जीपच्या त्या इंजिनाने नंतरच्या काळात १९० अश्वशक्ती दिली, तर जोंगाचे इंजिन मिनिटाला ३२०० फेऱ्यांना ११० च्या आसपास थांबते. पिस्टनचा सरासरी वेग काढून पाहावा: ३२०० फेऱ्यांना आपला पिस्टन सेकंदाला सुमारे १२.२ मीटर धावतो, तर जीपचा त्याच फेऱ्यांना सुमारे ९.२ मीटर. तेव्हा द्रुतगती मार्गावर आपले इंजिन ओरडेपर्यंत पळवू नये, हे ओघानेच आले. घाटातल्या दगडी वाटेवर मात्र फेऱ्या कमी आणि भार जास्त असतो, आणि तिथे या इंजिनाला तोड नाही.

आता सहा सिलिंडर एका ओळीत असण्याचा लाभ. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच जोर देतो. सहा सिलिंडर असले की दर १२० अंशांना एक जोर येतो, चार असले की दर १८० अंशांना. एका सिलिंडरचा उपयोगी जोर निकास व्हॉल्व उघडेपर्यंत, म्हणजे साधारण १३० ते १४० अंश टिकतो. याचा अर्थ सहा सिलिंडरमध्ये एकाचा जोर संपण्याआधी पुढच्याचा सुरू झालेला असतो, आणि चार सिलिंडरमध्ये दोन जोरांच्या मध्ये एक पोकळी राहते. लो रेंजमध्ये, पायी चालण्याच्या गतीने, ओल्या कातळावरून गाडी वर घेताना ही पोकळी चाकापर्यंत पोहोचते. सहा सिलिंडरमध्ये टायरला झटका बसत नाही, त्यामुळे पकड सुटत नाही.

दुसरी गोष्ट कंपनांची. कनेक्टिंग रॉड तिरपा होत असल्यामुळे पिस्टनची गती स्ट्रोकच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागांत सारखी नसते, आणि त्यातून क्रँकच्या दुप्पट वेगाने वरखाली ढकलणारे एक बल निर्माण होते. चार सिलिंडरमध्ये चारही पिस्टनचे हे बल एकाच दिशेने एकत्र येते. सहा सिलिंडरमध्ये १ व ६, २ व ५, ३ व ४ या जोड्या एकमेकींपासून १२० अंशांवर असल्यामुळे ते पूर्णपणे कापले जाते; त्यासाठी वेगळा बॅलन्स शाफ्ट लागत नाही. जोंगाचे इंजिन-माउंट, चासीवरचे ब्रॅकेट, रेडिएटरचे आधार हे सगळे अशा शांत इंजिनासाठी आखलेले आहेत. त्यावर मोठे चार सिलिंडरचे डिझेल ठेवले की काही काळाने ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडे आणि रेडिएटरच्या पायाला गळती लागते. शिवाय डिझेलच्या फेऱ्यांची मर्यादा आणि जोंगाच्या गिअर व ॲक्सलचे गुणोत्तर यांचा मेळ बसवण्याचे काम उरतेच, आणि ते बहुतेक ठिकाणी अर्धवट सोडलेले मी पाहिले आहे.

सुरुवात कॉम्प्रेशन चाचणीपासून करावी. इंजिन गरम करून सहाही प्लग काढावेत, कॉइलची मुख्य वायर सोडवावी, बॅटरी पूर्ण चार्ज असावी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा. थ्रॉटल बंद राहिला तर सगळेच आकडे खोटे कमी येतात. प्रत्येक सिलिंडरला दाबमापक लावून स्टार्टरने सारख्याच पाच-सहा उड्या द्याव्यात आणि दाबाचा आकडा लिहून घ्यावा. त्यानंतर प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. ऑइलने आकडा चढला तर दोष रिंगांचा, चढला नाही तर व्हॉल्वचा किंवा हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडलेले आढळले, तर संशय त्या दोघांमधल्या गॅस्केटच्या पट्टीवर जातो. काढलेले प्लग क्रमाने मांडून त्यांचे रंगही नोंदवावेत. हे आकडे येथे दिल्यास पुढचे बोलता येईल.

उत्तर: राजमाची_डिझेल (तळेगाव)

माझ्या जोंगात चार सिलिंडरचे डिझेल आहे आणि मी समाधानी आहे, म्हणून दुसरी बाजूही नोंदवली जावी असे वाटते. मला गाडी मिळाली तेव्हा मूळ इंजिनाचा ब्लॉक बाहेरून फुटलेला होता. कोणीतरी थंडीच्या प्रदेशात साधे पाणी भरून ती उभी ठेवली असावी. ब्लॉक शिवून घेण्यापेक्षा इंजिन बदलणे मला परवडले. एका टाकीत गाडी जवळजवळ दुप्पट अंतर जाते, गावोगावी सामान मिळते, आणि पावसाळ्यात ओढा ओलांडताना डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) भिजून गाडी मध्येच बंद पडण्याची भीती नाही. राजमाचीच्या वाटेवर हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे.

तरीही आपल्याला डिझेलचा सल्ला मी देणार नाही. आपला ब्लॉक शाबूत आहे, आणि गाडी रोज चालणार नसल्यामुळे पेट्रोलच्या खर्चाचा मुद्दा फारसा उरत नाही. वर निवृत्त अभियंता काकांनी ब्रॅकेटबद्दल जे लिहिले ते माझ्या गाडीलाही लागू आहे. मला इंजिनाखालचा क्रॉसमेंबर नव्याने करून घ्यावा लागला, आणि त्यानंतरच गाडी स्थिरावली. डिझेल बसवण्याचा खर्च विचाराल तेव्हा मिस्त्री फक्त इंजिनाची किंमत सांगतात, हे ध्यानात ठेवावे.

उत्तर: लेथ_आणि_ग्राइंडिंग (भोसरी)

नमस्कार. भोसरीला आमचा गाळा आहे आणि जुन्या इंजिनांची मशीनिंगची कामे आम्ही वडिलांच्या काळापासून करतो. या इंजिनाचे सामान मिळत नाही हे म्हणणे मला मान्य नाही, म्हणून लिहितो.

हेच इंजिन लष्कराच्या निसान वन-टन गाडीतही होते. त्यामुळे गॅस्केट, रिंगा, व्हॉल्व, गाइड, शेल (बेअरिंग) यांचा जुना साठा नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत अजून निघतो. फक्त ‘जोंगा’ एवढेच न विचारता ‘निसान वन-टन’ असेही विचारावे, आणि जुना भाग हातात घेऊन जावे. पॅट्रोल ही गाडी ऑस्ट्रेलियातही विकली गेली असल्यामुळे तिकडूनही सामान मागवता येते. पिस्टन मिळाले नाहीत तरी स्लीव्ह घालून बोअर मूळ मापावर आणता येते. ओतीव लोखंडाचा ब्लॉक आहे. त्याच्यात काम करायला भरपूर जीव असतो.

आता कामाबद्दल. सहा सिलिंडरचे एकसंध हेड लांब असते, आणि इंजिन तापले की ते लांबीत वाकते. हेड उतरवल्यावर ते आम्ही प्रथम धुतो, मग त्यावर सरळ पट्टी उभी धरून खालून फिलर गेजचे पाते सरकवून पाहतो. पट्टी एकदा लांबीत, एकदा रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरायची असते. कर्णावर न पाहता हेड सरळ असल्याचे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पाते जिथे सैल जाते तिथे बहुधा गॅस्केटवर काळा माग उमटलेला असतो, म्हणून जुने गॅस्केट आमच्याकडे येताना सोबत आणावे. हेडचे फेसिंग जेवढे लागेल तेवढेच करावे. आणि ब्लॉकच्या माथ्यावरही तीच पट्टी धरावी. हेड सरळ करून वाकड्या ब्लॉकवर बसवले तर महिनाभरात पुन्हा आमच्याकडेच यावे लागते.

दुसरे असे की, ओळीतल्या सहा सिलिंडरमध्ये सहावा सिलिंडर रेडिएटरपासून सर्वांत लांब, फायरवॉलजवळ असतो. ब्लॉकमधला गंज आणि गाळ वाहत वाहत मागे जाऊन तिथेच बसतो. लष्करातून निघून वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी प्यायलेल्या गाड्यांच्या ब्लॉकमधून आम्ही अक्षरशः मूठमूठ लाल चिखल काढलेला आहे. ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे गोल बूच काढून, तारेने खरवडून, प्रेशरने पाणी मारल्याशिवाय तो निघत नाही. वरून फ्लशिंगचे औषध ओतून भागत नाही. हे न करता नवे गॅस्केट टाकले तर सहावा सिलिंडर पुन्हा तापणार आणि गॅस्केट पुन्हा तिथेच जाणार.

तिसरे, निकास व्हॉल्वच्या सीट, म्हणजे व्हॉल्व बंद होताना ज्यावर टेकतो त्या कड्या. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहेत. शिशाचा थर व्हॉल्व आणि सीट यांच्यामध्ये गादीसारखे काम करत असे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले, आणि तेव्हापासून जुन्या हेडमध्ये निकासाची सीट ठोके खाऊन खोल जाऊ लागली. सीट खोल गेली की व्हॉल्व वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली) फट आपोआप कमी होत जाते. टॅपेटचा आवाज थांबला म्हणून मालक खूश होतात, आणि इकडे व्हॉल्व पूर्ण बंद न होता जळत असतो. हेड उतरलेच आहे तर कडक धातूच्या निकास सीट बसवून घ्याव्यात. पुन्हा हेड उतरवण्याचा खर्च त्याहून अधिक होतो.

क्रँक काढण्याची वेळ आली, तर तो लांब क्रँक जमिनीवर आडवा टाकून ठेवू नये. उभा ठेवावा किंवा टांगावा, आणि ग्राइंडिंगच्या आधी व्ही-ब्लॉकवर फिरवून मधल्या जर्नलला डायल लावून बाक पाहावा. आपल्या गाडीत ऑइलचे प्रेशर चांगले असेल, तर खालचा भाग उघडण्याची गरज मला आजतरी दिसत नाही.

प्रश्नकर्ता: दिवेघाट_चढण (कोथरूड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांनी सांगितलेल्या पद्धतीने, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून चाचणी केली. पहिल्या सिलिंडरपासून क्रमाने आकडे असे आले: १२८, १२५, १३०, १२६, ७८, ७४ पौंड (प्रति चौरस इंच). ऑइल सोडल्यावर पहिले चार किंचित चढले. पाचवा आणि सहावा मात्र हलले नाहीत.

प्लगपैकी तिसरा आणि चौथा तपकिरी, दुसरा थोडा फिकट, पहिला पांढरट, पाचवा काजळलेला, आणि सहावा तर धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ निघाला. गरम इंजिनावर ऑइलचे प्रेशर स्थिर आहे.

उत्तर: नियम_आणि_नोंदणी (पुणे कॅम्प)

इंजिन ठेवण्याकडे कल दिसतो आहे, तरी कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ नोंदीत बदल करणारी दुरुस्ती परवानगीशिवाय करता येत नाही. इंजिन क्रमांक आणि इंधनाचा प्रकार दोन्ही आरसीवर असतात, त्यामुळे पेट्रोलचे डिझेल करणे हे केवळ गॅरेजचे काम उरत नाही. पूर्वी कुणाकुणाच्या गाड्या तशाच चालल्या, एवढ्यावर विसंबू नये. विम्याचा दावा करण्याची वेळ येते तेव्हा हीच विसंगती अंगाशी येते.

२०२१ मध्ये केंद्रीय नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आली आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूप टिकवलेल्या गाड्यांना ती मिळते, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि मुदत १० वर्षांची. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, नियमित वापरासाठी नाही. आपल्याला दर सुट्टीला ताम्हिणी गाठायची असेल, तर नेहमीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, पासिंग आणि पर्यावरण कर हाच मार्ग सोयीचा आहे.

उत्तर: निवृत्त_अभियंता (चिंचवड)

आपण चाचणी व्यवस्थित केली आहे आणि आकडे बोलके आहेत. पहिले चार सिलिंडर निरोगी आहेत. पाचवा आणि सहावा एकत्र पडले, ऑइलने हलले नाहीत, सहाव्याचा प्लग वाफेने धुतला गेला आहे आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आहेत. यावरून हेड गॅस्केट पाच आणि सहाच्या मधल्या पट्टीत फुटले असून सहाव्याच्या बाजूने पाण्याच्या वाटेलाही लागले आहे, असे मी खात्रीने म्हणेन.

कार्ब्युरेटरमधून येणाऱ्या फटक्याचा उलगडाही यातच आहे. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-५-३-६-२-४ आहे. पाचवा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या माथ्यावर पोहोचून पेटतो तेव्हा सहावा सिलिंडर सेवनाच्या मध्यावर असतो, म्हणजे त्याचा सेवन व्हॉल्व सताड उघडा असतो. फुटलेल्या पट्टीतून पाचव्याची ज्वाला सहाव्यात घुसते आणि तिथून मॅनिफोल्डवाटे थेट कार्ब्युरेटरपर्यंत येते. उलट सहावा पेटतो तेव्हा पाचवा निकासाच्या स्ट्रोकमध्ये असतो, त्यामुळे सहाव्याचा जोर पाचव्यातून सायलेन्सरकडे निघून जातो. सपाटीवर थ्रॉटल अर्धवट उघडा असल्यामुळे सिलिंडरमधला दाब कमी राहतो आणि हे फारसे जाणवत नाही. दिवे घाटात थ्रॉटल पूर्ण उघडला की दाब वाढतो आणि गळती उघडी पडते. पॉइंट बदलून आणि कार्ब्युरेटर धुऊन हा दोष जाणे शक्य नव्हते.

तेव्हा हेड उतरवावे आणि भोसरीच्या मित्रांनी सांगितल्याप्रमाणे हेड, ब्लॉकचा माथा, मागचा गाळ आणि निकास सीट ही चारही कामे एकाच वेळी करून घ्यावीत. हेड बसवताना बोल्ट मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळावेत. पहिल्यांदा इंजिन पूर्ण गरम होऊन थंड झाले की पुन्हा टॉर्क तपासावा.

आता पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ पट; मिश्रणाला साधारण साडेतेरा पट. नव्या गाड्यांचा संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. आपल्या कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल येण्याचे छिद्र) तेवढाच राहतो, म्हणून मिश्रण सात-आठ टक्के लीन (पेट्रोल कमी पडलेले) होते. सहा सिलिंडरांना मधोमध बसवलेला एकच कार्ब्युरेटर पुरवठा करत असल्यामुळे टोकाचे सिलिंडर मुळातच थोडे उपाशी असतात. आपला पहिला प्लग पांढरट आणि मधले तपकिरी निघाले ते यामुळेच. गॅस्केटचे काम झाल्यावर मुख्य जेट एका मापाने मोठा करून पुन्हा प्लगचे रंग पाहावेत. पहिला आणि सहावा फिकट तपकिरी येईपर्यंत हे करावे, मधल्या प्लगवर जाऊन थांबू नये.

टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर टाकी अर्धी ठेवू नये. रिकाम्या जागेतला दमटपणा इथेनॉल ओढून घेते आणि पाणी तळाशी वेगळे होते. घाट चढून थांबल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही, त्याचे कारण या इंजिनात सेवन आणि निकासाचे मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक आहेत हे आहे. बंद इंजिनाची उष्णता वर चढून फ्लोट बाउलमधले पेट्रोल उकळते. दोन्हींमध्ये पत्र्याचा उष्णतारोधक पडदा आणि कार्ब्युरेटरखाली जाड बेकलाइटची चकती असल्याची खात्री करावी. जुन्या दुरुस्त्यांत या दोन वस्तू हटकून हरवलेल्या असतात.

टॅपेट आपण स्वतः लावू शकाल, आणि लावावेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जोडीतल्या सिलिंडरांची बेरीज नेहमी सात येते: एकाचा जोडीदार सहा, दोनाचा पाच, तिनाचा चार. सहाव्याचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलू लागले, म्हणजे निकास बंद होता होता सेवन उघडू लागले, की क्रँक तिथेच थांबवावा. त्या क्षणी पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व पूर्ण बंद असतात आणि त्यांची फट लावता येते. मग क्रँक १२० अंश पुढे फिरवून दोनाचे रॉकर पाहत पाचाची फट लावावी, आणि असेच फायरिंगच्या क्रमाने पुढे जावे. पाते फटीतून किंचित अडत सरकले पाहिजे. लॉकनट आवळल्यावर फट पुन्हा मोजावी, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो. निकासाच्या सहाही फटी वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात. पुढच्या वेळी त्यांपैकी एखादी आपसूक कमी झालेली आढळली, तर ती सीट खोल जाऊ लागल्याची खूण आहे, आणि हेड तापण्याच्या कितीतरी आधी ती आपल्याला मिळालेली असेल.

हेड उतरले की जुन्या गॅस्केटचा, विशेषतः पाच आणि सहाच्या मधल्या भागाचा, दोन्ही बाजूंनी फोटो येथे टाकावा. जळाल्याचा काळा माग हेडच्या बाजूला जास्त आहे की ब्लॉकच्या, यावरून पट्टी कुठे अधिक काळजीने धरायची ते भोसरीच्या मित्रांना आधीच कळेल.